हा लाँग बेमध्ये बोटीवर एक रात्र: आई-आबांना न्यावं का?

उद्यमनगर_लेथ | ४ सप्टेंबर २०२५, रात्री ११.१०

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

आई-आबांच्या लग्नाला यंदा ४० वर्षं होतायत. आबा एसटीत चालक होते. अख्खी नोकरी गगनबावड्याच्या आणि फोंड्याच्या घाटात गेली. मालवण, वेंगुर्ल्याला शेकडो वेळा गाडी नेली, पण समुद्रात कधी गेले नाहीत. गाडी लावायची, जरा पाठ टेकायची आणि परतीची फेरी धरायची. आई माळकरी आहे. पंढरपूर, आळंदी, देहू सोडून कुठं गेलेली नाही. गुडघे गेलेत तिचे, जिना चढताना कठडा लागतो.

गेल्या महिन्यात आबांनी मोबाइलवर एक व्हिडिओ बघितला. हिरव्या पाण्यातून उभे राहिलेले दगडी डोंगर आणि त्यांच्यामधनं जाणारी पांढरी बोट. तीनदा बघितला. मग मला दाखवून म्हणाले, "हे कुठलं रं?" आबा स्वतःहून कधी काही मागत नाहीत, त्यामुळं ते माझ्या डोक्यातनं जाईना.

शोधल्यावर कळलं, व्हिएतनाममधलं हा लाँग बे. दुपारी बोटीवर चढायचं, रात्र तिथंच काढायची आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत परत. दर माणशी दहा-बारा हजारांपासून तीस हजारांच्या पुढंपर्यंत भाव दिसतायत. इथल्या एका एजंटानं एका बोटीचे फोटो दाखवले आणि बुकिंगच्या कागदावर नाव दुसऱ्याच बोटीचं निघालं, म्हणून तिथून उठलो. कुणी जाऊन आलंय का? गुडघ्यांचं, माळेचं आणि जिवाच्या सुरक्षिततेचं काय, एवढं सांगा. जकुझी असलं काय, नसलं काय, आम्हाला फरक पडत नाही.


रंकाळा_पहाट | ५ सप्टेंबर, सकाळी ७.२०

दादा, आम्ही २०१९ मध्ये गेलो होतो, सासूबाई बरोबर होत्या. न्या, नक्की न्या. पण आधी कुठल्या खाडीत जायचं ते ठरवा, कारण सगळ्याच बोटींना "हा लाँग क्रूझ" म्हणून विकतात.

तिथं शेजारी शेजारी तीन भाग आहेत. मधला मूळ हा लाँग बे, सगळ्यात गाजलेला आणि सगळ्यात गर्दीचा. ईशान्येला बाय तू लाँग. आणि दक्षिणेला कॅट बा बेटाला लागून लान हा. डोंगर तिन्हीकडे तसेच, पाणीही तसंच. आम्ही मधल्या भागात गेलो. तिथल्या ठरलेल्या दोन जागा म्हणजे सुंग सोत गुहा आणि टिटॉप बेट. गुहा प्रचंड आहे, आत गेल्यावर मान वर करून बघतच राहावं लागतं, पण आधी शंभरेक पायऱ्या चढायच्या आणि आतही चढउतार. टिटॉपच्या माथ्यावर जायला चारशेच्या वर पायऱ्या, जोतिबाचा डोंगर परवडला. सासूबाई खाली वाळूत बसून राहिल्या. वरनं खाडीचं जे दृश्य दिसतं ते त्यांना दाखवता आलं नाही, याची मला अजून चुटपुट आहे.

त्या बेटाचं नाव रशियन अंतराळवीर गेर्मान टिटोव्ह याच्यावरनं पडलंय. १९६२ मध्ये उत्तर व्हिएतनामचे तेव्हाचे अध्यक्ष हो ची मिन्ह त्याला घेऊन तिथं आले होते.

तुमच्या आईंसाठी मी लान हा म्हणेन. तिथं गुहेतनं बांबूच्या होडीत बसून जाता येतं, होडी स्थानिक माणूस वल्हवतो. व्हिएत हाय नावाचं एक खेडं आहे, तिथंही धक्क्यापासून गावापर्यंत इलेक्ट्रिक गाडी असते.


शिवाजीपेठकर | ५ सप्टेंबर, सकाळी ९.४५

भावा, आनंदाच्या धाग्यात असं लिहिताना बरं वाटत नाही, पण लिहितो. गेल्याच १९ जुलैला तिथं पर्यटकांची बोट अचानक आलेल्या वादळात उलटली आणि पस्तीसहून जास्त माणसं गेली, त्यात लहान लेकरं होती. ती दिवसाची बोट होती. पण फेब्रुवारी २०११ मध्ये मुक्कामाची एक बोट पहाटे नांगर टाकलेल्या अवस्थेत बुडाली होती. माणसं झोपेत होती, १२ जण गेले.

जाऊ नका असं म्हणत नाही. पण बोट कशी आहे ते विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. २०१९ ला आमच्या गल्लीत पुराचं पाणी पहिल्या मजल्याला टेकलं तेव्हा बोटीतनं आईला बाहेर काढलं मी. पाणी शांत दिसतं तेव्हाच माणूस गाफील असतो.


भूगोलाच्या_बाई | ५ सप्टेंबर, दुपारी ३.०५

शिवाजीपेठकरांचं म्हणणं अगदी योग्य आहे. ऋतू नीट निवडलात की निम्मी काळजी मिटेल. जून ते सप्टेंबर तिथं उकाडा, वादळी पाऊस आणि टायफूनचे, म्हणजे तिकडच्या चक्रीवादळांचे, दिवस. गेल्या वर्षी ७ सप्टेंबरला यागी टायफून थेट याच किनाऱ्यावर आदळलं आणि धक्क्याला बांधलेल्या बोटीसुद्धा बुडाल्या. जानेवारी ते मार्च थंडी, धुकं आणि भुरभुर. धुक्यातले डोंगर काहींना आवडतात, पण पहिल्यांदा जाणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंत हवा कोरडी आणि स्वच्छ. एप्रिलही बरा.

मी तीस वर्षं भूगोल शिकवला, त्यामुळे राहवत नाही म्हणून थोडं अधिक लिहिते. आबांना बोटीवर बसून हे सांगा, त्यांना आवडेल. आपण कोल्हापूरकर काळ्या दगडावर वाढलेली माणसं. अंबाबाईचं देऊळ, पंचगंगेचा घाट, पन्हाळ्याचा कडा, सगळा बेसॉल्ट, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा. तो पावसाने झिजतो, पण विरघळत नाही. हा लाँगचे डोंगर चुनखडीचे आहेत. तीस कोटी वर्षांच्या आसपास जुन्या समुद्राच्या तळाशी शंखशिंपल्यांचा गाळ साठून तो दगड झाला. चुनखडीच्या तुकड्यावर लिंबू पिळून बघा, बारीक फेस येतो. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं आणि लाखो वर्षं हेच काम सावकाश करत राहतं. भेगा रुंदावतात, गुहा होतात, छतं कोसळतात, मधला दगड निघून जातो आणि सुळके तेवढे उरतात. एवढं सगळं जमिनीवर घडलं. शेवटच्या हिमयुगात समुद्राची पातळी आजच्याहून शंभर मीटरपेक्षा जास्त खाली होती आणि हा लाँग हे कोरडं मैदान होतं. बर्फ वितळला, समुद्र चढला आणि दऱ्या भरल्या. म्हणजे आबा ज्याला बेट म्हणतील तो खरं तर डोंगराचा माथा आहे, पायथा पाण्याखाली आहे.

अशी सुमारे १,९०० हून जास्त बेटं साधारण दीड हजार चौरस किलोमीटरांत आहेत. युनेस्कोने १९९४ मध्ये सौंदर्यासाठी आणि २००० मध्ये भूशास्त्रासाठी त्यातल्या मधल्या भागाला जागतिक वारसा ठरवलं. २०२३ मध्ये कॅट बाचा द्वीपसमूहही त्यात आला, त्यामुळे लान हाला गेलात म्हणून काही कमी मिळालं असं होत नाही.

आणखी एक. सुळक्यांच्या पायथ्याशी पाण्याच्या रेषेला खाच दिसेल, जणू कुणी करवतीने आत कापत नेलंय. ती भरती-ओहोटीच्या पट्ट्यात पाण्याने आणि दगडाला चिकटून राहणाऱ्या जीवांनी कोरलेली असते. आपल्याकडे मालवणला दिवसातून दोनदा भरती येते. तिथे दिवसातून एकदाच.


कळंबा_रोड | ५ सप्टेंबर, रात्री ९.३०

जेवणाचं मी सांगते. आमचं घर शाकाहारी आहे, व्हिएतनाममध्ये आठ दिवस काढलेत. तिकडे शाकाहाराला "चाय" म्हणतात, पण नुसतं तेवढं सांगून भागत नाही. नुओक माम म्हणजे माशाचं आंबवलेलं पाणी, आपल्याकडे फोडणीत हिंग तसं तिकडं ते भाजीतसुद्धा असतं. बुकिंग करतानाच लेखी कळवा की मासे, अंडं, मांस आणि नुओक माम चारही चालत नाही. बोटीवर चढल्या चढल्या स्वयंपाक्याला परत भेटा. तिथं बौद्ध लोक अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास शाकाहार पाळतात, त्यामुळं "धर्मासाठी" म्हटलं की ते लगेच समजतात आणि मनापासून करतात, हा माझा अनुभव. शेंगदाण्याची चटणी आणि दशम्या बरोबर न्याच.

व्हिसा ऑनलाइन मिळतो, एका प्रवेशाला २५ डॉलर. सरकारी संकेतस्थळावरच भरा, मधले लोक दुप्पट घेतात.


उद्यमनगर_लेथ | २१ सप्टेंबर, रात्री १०.४०

सगळ्यांचे मनापासून आभार. बाई, तुमचा प्रतिसाद मी आबांना वाचून दाखवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी पानवाल्याकडनं चुन्याच्या खड्याचा तुकडा आणला आणि लिंबू पिळून बसले.

नोव्हेंबरचा मध्य ठरला, लान हा ठरलं. पाच बोटवाल्यांना तेच प्रश्न लिहून पाठवले: सांगाडा लोखंडी की लाकडी, बोट किती सालची, जीवरक्षक जाकिटं खोलीत असतात की बाहेर, खोलीतनं बाहेर पडायला दुसरी वाट आहे का, हवामान बिघडून बंदर खात्यानं बोटी थांबवल्या तर पैसे परत का. दोघांनी नुसते पोहण्याच्या तलावाचे फोटो पाठवले, त्यांना सोडलं. एकानं मुद्देसूद उत्तर दिलं. लोखंडी बोट, प्रत्येक खोलीला उघडणारा सज्जा. खोली दुसऱ्या मजल्यावर आणि पुढच्या अंगाला मागितलीय, कारण जनरेटर मागं असतो. मशीनच्या आवाजातच दिवस जातो माझा, आबांची ती रात्र तरी शांत जाऊ दे.


उद्यमनगर_लेथ | २३ नोव्हेंबर, रात्री ९.१५

आलो. चार दिवस झाले, पण लिहायला बसलो की काय आधी सांगू असं होत होतं. जरा मोठं होईल.

रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस, मुंबईतनं थेट हानोईचं विमान, हानोईत दोन मुक्काम आणि मग सकाळी गाडीनं हायफाँगकडं. रस्ता पुढं समुद्रावरच्या पाच किलोमीटरहून लांब पुलावर चढतो. आबा चालकाच्या मागच्या सीटवर. तिकडं गाड्या उजवीकडनं चालतात, तर पहिला तासभर आबांचा पाय आपोआप ब्रेक दाबत होता. पुलावर मात्र पाय थांबला. खिडकीला तोंड लावून बसले ते धक्का येईपर्यंत.

धक्क्यावरनं आधी छोट्या होडीत बसवतात आणि ती मोठ्या बोटीला नेऊन लावतात. गुडघेवाल्यांसाठी सगळ्या प्रवासातली खरी अवघड जागा हीच. दोन्ही बोटी वरखाली होतात आणि मधल्या फटीवरनं पाऊल टाकायचं असतं. दोन पोरांनी आईला दोन्ही दंडाला धरलं, एकानं पुढनं हात दिला. एक क्षण ती थांबली, "विठ्ठल" म्हणाली आणि पाऊल टाकलं. हे कुठल्याच जाहिरातीत लिहीत नाहीत म्हणून मुद्दाम लिहितोय. आधी कळवून ठेवा, ते माणसं उभी करतात.

पहिला तासभर काहीच नव्हतं, मोकळं पाणी आणि लांब निळसर रेघ. मग ती रेघ फुटायला लागली. एक सुळका, मग चार, मग मोजता येईनात. एक बाजूला सरकला की त्याच्यामागनं तीन निघायचे. बोट आता थेट दगडावर जाणार असं वाटायचं आणि शेवटच्या घटकेला वाट उघडायची. आबा म्हणाले, "हे घाटासारखंच हाय की. वळाण आल्याबिगर पुढचं दिसत न्हाई." मग ते सुकाणूच्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले. कप्तान साठीतला. त्यानं हातानं आत बोलावलं. भाषा एक शब्दाची जुळत नव्हती. आबांनी हातानं घाटातली वळणं दाखवली, स्टेअरिंग धरून दाखवलं, छातीवर हात ठेवला. तो हसला, आबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि पाण्याची खोली मोजायच्या यंत्राचा पडदा दाखवला. दोघं अर्धा तास न बोलता पुढं बघत उभे होते. आबा रिटायर झाल्यापासून त्यांना असं ताठ उभं राहिलेलं मी बघितलं नव्हतं.

बाईंनी सांगितलेली खाच दिसली. ओहोटी होती, सुळके पायाशी बारीक आणि वर रुंद दिसत होते.

दुपारनंतर बांबूच्या होडीतनं गुहेत. म्हणजे डोंगराच्या पोटातला अंधारा बोगदा, आणि पलीकडं चारी बाजूंनी कड्यांनी वेढलेलं गोल पाणी. वल्हवणारी बाई आईच्याच वयाची होती, डोक्यावर ती शंकूसारखी टोपी. आत गेल्यावर तिनं वल्हं थांबवलं. कुणी काही बोललं नाही. वरनं एका पक्ष्याचा आवाज आला आणि तो कड्यावरनं फिरत फिरत परत आला. आई हळूच म्हणाली, "गाभाऱ्यात आल्यागत वाटतंय रं."

त्या डोंगरांवर सोनेरी डोक्याची लंगूर माकडं असतात, फक्त कॅट बा बेटावरच. शंभरच्या आत उरलीत म्हणे. आम्हाला दिसली नाहीत.


उद्यमनगर_लेथ | २३ नोव्हेंबर, रात्री १०.०५

पुढचं.

बुकिंग करताना माझ्या ध्यानातच आलं नव्हतं, पण तो दिवस निघाला कार्तिक वद्य एकादशीचा. आळंदीची एकादशी. दरवर्षी आई त्या दिवशी माऊलींच्या दारात असते. मला हानोईत कळलं तेव्हा घाम फुटला. आईला आधीच माहीत होतं. म्हणाली, "तुझ्या आबानं चाळीस वर्षांत पहिल्यांदा काय मागितलं, त्यात मी एकादशी मधी आणू व्हय? माऊली हितं पण हाय."

मी स्वयंपाक्याला भेटलो. "चाय" म्हटलं, आज धर्माचा उपवास आहे, धान्य चालत नाही, फळं आणि कंद चालतात असं मोबाइलवर भाषांतर करून दाखवलं. त्यानं वाचलं, मान हलवली आणि आत गेला. बाकी टेबलांवर सात-सात पदार्थ येत होते. आईच्या पुढं आलं ते वाफाळलेल्या रताळ्यांचं ताट, भाजलेले शेंगदाणे, पपनस आणि केळी. आपल्याच रताळ्याची चव. स्वयंपाकी स्वतः येऊन बाजूला उभा राहिला, ती पहिला घास घेईपर्यंत. आईनं दोन्ही हात जोडले, त्यानंही जोडले. कळंबा_रोड ताई, तुम्ही सांगितलं नसतं तर मला धर्माचं कारण सांगायचं सुचलं नसतं.

आणि आता जे सांगायला धागा परत उघडला ते. बोटीवरचा मुक्काम कशासाठी, दिवसात फिरून येता येतंच की, असं मलाही वाटत होतं. पाच वाजता दिवसाच्या बोटी सगळ्या निघून गेल्या. आमची बोट एका वळणात नांगर टाकून थांबली. जेवणानंतर मागच्या बाजूला दिवा सोडून गळानं माकूळ (स्क्विड) धरायचा खेळ होता, थोडे लोक गेले, नंतर तेही झोपले. मग अंधार पडला, पण खरा अंधार. चंद्रकोर पहाटे दोननंतर येणार होती. डोंगर दिसत नव्हते, फक्त जिथं चांदण्या नव्हत्या तिथं डोंगर आहे एवढं कळत होतं. लाट नाही, कारण बेटांच्या आड वाराच पोहोचत नाही. आई-आबा सज्जात दोन खुर्च्यांवर बसले होते. मी शेजारच्या सज्जात. आई हरिपाठ म्हणत होती, अगदी बारीक आवाजात, आणि आबा, जे घरी कधी म्हणत नाहीत, ते मागनं सूर ओढत होते.

तिकडचं घड्याळ आपल्या दीड तास पुढं. आबांना आयुष्यभराची पहाटे चारची सवय, म्हणजे तिथले साडेपाच. ते उठले तेव्हा पूर्वेला बारीक चंद्रकोर आणि पाण्यावर धुक्याची पातळ साय. त्यांनी आईला उठवलं, मला उठवलं. एकेक डोंगर राखाडी रंगातनं हिरवा होत गेला. तासभर. त्यात एकही बोट हलली नाही. पैसे द्यायचे ते या तासाचे, बाकी सगळं त्यावर वरकड मिळालेलं.

सकाळच्या जेवणात आईनं वाफेच्या भातानं द्वादशी सोडली.


भूगोलाच्या_बाई | २४ नोव्हेंबर, सकाळी ६.५०

वाचून डोळे भरून आले. तिथल्या पाण्यावरच्या वस्त्यांमधली माणसं दिसली का? हा लाँगच्या मधल्या भागातल्या तरंगत्या वस्त्यांमधल्या कुटुंबांना २०१४ मध्ये जमिनीवर हलवलं. पिढ्यान्‌पिढ्या पाण्यावर राहिलेली माणसं. त्यांचं पुढे काय झालं हे मला नेहमी वाटत राहतं.


उद्यमनगर_लेथ | २४ नोव्हेंबर, दुपारी १.३०

बाई, लान हामध्ये मत्स्यपालनाचे थोडे तराफे दिसले, त्यावर कुत्री आणि वाळत घातलेले कपडे. होडी वल्हवणाऱ्या बाईला मी मोबाइलवर विचारलं, ती म्हणाली तिचा जन्म पाण्यावरच झाला, आता घर जमिनीवर आहे, पोरं शाळेत जातात. रात्री झोप येत नाही, जमीन हलत नाही म्हणून, असंही तिनं लिहिलं.

एक खटकलं ते सांगतो. खडकांच्या खाचांत थर्माकोलचे तुकडे अडकलेले होते, तराफ्यांच्या तरंगत्या ठोकळ्यांचे. बोटीवर पाणी काचेच्या बाटलीतनं देत होते, प्लास्टिक नव्हतं, पण ते तुकडे होते. रंकाळ्याची जलपर्णी आणि पंचगंगेवरचा फेस बघत मोठा झालोय, त्यामुळं नजर तिथं जातेच. अशा जागेला एक तुकडासुद्धा शोभत नाही.

आणि एक राहिलं. व्हिएतनामच्या दोन लाख डाँगच्या नोटेवर जो धूपदाणीसारखा सुळका आहे तो मधल्या हा लाँगमध्ये आहे, आमच्या वाटेवर नव्हता. आबांना तो बघायचा होता. नोट जपून ठेवलीय त्यांनी.


शिवाजीपेठकर | २४ नोव्हेंबर, रात्री ८.२०

भावा, आईला न्यायचं मनात घेतलंय. ती ७२ वर्षांची, चालते बरी पण पाण्याला भिते, पुरापासनं जास्तच. त्या छोट्या होडीतनं मोठ्या बोटीत चढताना नक्की किती उंच पाऊल टाकावं लागतं? आणि रात्री बोट हलते का, खरं सांग.


उद्यमनगर_लेथ | २४ नोव्हेंबर, रात्री ८.५५

पाऊल गुडघ्याच्या थोडं खाली, आपल्या एसटीच्या पहिल्या पायरीपेक्षा कमी. पण पाणी वरखाली होत असतं, त्यामुळं होडी वर आली की टाकायचं, पोरं सांगतात. दोन्ही हात मोकळे ठेव म्हणावं, पिशवी तू घे. रात्री हलत नाही. मी टेबलावर पाण्याचा पेला ठेवून बघत होतो, पाण्याला रेघ उठली नाही. तरी काकूंना पहिल्या तासाला बाहेर डेकवर बसव, खोलीत नको, आणि जाकीट कुठं आहे ते त्यांना स्वतःच्या हातानं काढून बघू दे. आईनं ते केलं आणि मग ती निवांत झाली. बोटवाल्यांना पाठवलेली प्रश्नांची यादी तुला निरोपातनं पाठवतोय.